अलीकडची निंबळी

१

"म्हणून काय तिला तिकडंच ठेवू? पहिलटकरीण पोरगी सासरी बाळंत व्हऊ दे म्हणतीस? अव्वा, लोक शेण घालतील माझ्या तोंडात!"

"घालू देत. शेण धुता येतंय."

ईरण्णानं वंगणाचं नळकांडं जमिनीवर आपटलं. सकाळपासून मायलेकरांचं हे चाललं होतं आणि आता ऊन डोक्यावर आलं होतं. गाडीत वाळकं गवत अंथरून झालं होतं. गवतावर दोन वाकळा, वाकळांवर त्याच्या मेलेल्या बायकोची, प्रेमाबाईची, निळी धाबळी. पौष लागायच्या आत लेक माहेरी आणायची होती. पलीकडच्या निंबळीहून व्याह्याचा, महालिंगप्पाचा, निरोप येऊन पडला होता: पोरगी तयार आहे, गाडी कधी धाडताय?

आणि गाडीपुढं, बैलांच्या पायांशी, रुद्रम्मा मांडी घालून बसली होती. बैल तिच्या पांढऱ्या डोक्यावर फुसफुसत होते. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, पण जागची हलली नाही.

"ऊठ अव्वा."

"न्हाई उठत. घाल गाडी अंगावरनं. चाक म्याच पुसून घेईन वर गेल्यावर."

"अगं, शिवगंगानं काय घोडं मारलंय तुझं?"

रुद्रम्माचा डावा हात पदराखाली गेला आणि बरगडीखाली घट्ट दाबून राहिला.

"नाव घेऊ नको तिचं."

"का? नातीचं नाव बी घ्यायचं न्हाई? बघतोय म्या, दिवाळीच्या आधीपासनं तुझ्या तोंडात तिचं नाव न्हाई. 'ती पोर', 'ती पोरगी'. रस्त्यावरची हाय का ती?"

ज्या बाईला गप्प बसवायला पाटलालाही जमलं नव्हतं, ती गप्प बसली. ईरण्णाला त्याचीच जास्त चीड आली.

२

ओढा एक, गावं दोन, नाव मात्र एकच. अलीकडची निंबळी मोगलाईतली, निजामाची. पलीकडची इंग्रजीतली. मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका आणि त्यात एक शिपाई, जो दिवसभर झोपायचा आणि जाग आली की कुणाच्या तरी पोत्यात काठी खुपसायचा. सरहद्द म्हणतात ती एवढीच. माणसं दोन्हीकडची एकाच घरची म्हणावीत अशी. इकडच्या लेकी तिकडं, तिकडच्या इकडं. ओढ्याच्या वाळूत झिरे खणायचे आणि दोन्ही काठांच्या बायकांनी एकमेकींच्या सासवांना नावं ठेवत घागरी भरायच्या.

पण अलीकडं गाठ होती. पलीकडं नव्हती.

हे रुद्रम्माइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. अलीकडं बाई गेली की तिला न्हाऊ घालायला तिलाच बोलावणं यायचं. बाईला ऊन पाण्यानं न्हाऊ घालायचं, विभूती लावायची, भिंतीशी बसती करायची आणि मग बसतीच मातीत द्यायची, ही तिच्या लोकांची रीत. न्हाऊ घालताना हात सगळं सांगतात. छातीच्या डाव्या बाजूला, बरगडीपाशी, लिंबाएवढी, कधी कवठाएवढी. आधी ती म्हाताऱ्यांच्या अंगात सापडायची, तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही, म्हाताऱ्या मरायच्याच. मग सासवांच्या अंगात. मग कडेवर लेकरू असलेल्या सुनांच्या. माणसं म्हातारी होत चालली होती आणि गाठ तरणी होत चालली होती.

लोक म्हणाले, देवीचा कोप. कुणी म्हणालं, करणी. रुद्रम्मा शाळेची पायरी चढलेली नव्हती. मराठी ती दुकानातल्या पोत्यांवरची अक्षरं जुळवून शिकली, कानडी मठातल्या पोथ्यांत डोकं घालून आणि उर्दू नाक्यावरच्या शिपायाला शिव्या देता देता. कुणी काही सांगू लागलं की तिचा एकच सवाल यायचा:

"मग पलीकडं कामून न्हाई?"

पाणी म्हणाल तर झिरा एक. मिस्री म्हणाल तर तिकडच्या बायका इकडच्यांपेक्षा दुप्पट घासतात. चुलीचा धूर तोच, ज्वारी तीच, तेल एकाच घाण्याचं. मीठ तेवढं वेगळं, म्हणून तिनं शिपायाच्या नाकावर टिच्चून पदरातून तिकडचं मीठ आणलं आणि घरात तेच घातलं. काही फरक पडला नाही. इकडच्या लेकी तिकडं नांदायला गेल्या त्या बोळक्या होईस्तोवर जगल्या. तिकडच्या लेकी इकडं आल्या त्या राहिल्या नाहीत.

प्रेमाबाई तिकडची होती.

३

प्रेमाबाईनं छातीला हात लावून सासूकडं बघितलं तेव्हा चैत्र होता. रुद्रम्मानं एक शब्द न बोलता बैल जुंपायला लावले आणि सुनेला तुळजापूरला नेलं. पुनवेच्या जत्रेत पटकीची सुई टोचायला सरकारी डॉक्टर आला होता. वयस्क माणूस, चष्मेवाला. त्यानं पडद्याआड प्रेमाबाईला बघितलं आणि बाहेर येऊन विचारलं,

"कौनसा गाँव, अम्मा?"

"निंबळी."

"इधर की, कि उधर की?"

रुद्रम्मानं मान वर केली. गावात ती एकटीच हा सवाल विचारत आली होती, आणि आज पहिल्यांदा दुसऱ्या कुणी तो तिला विचारला होता.

"इकडची."

डॉक्टर हात धूत राहिला. हात स्वच्छ झाले तरी धूत राहिला.

"ये बीमारी सब जगा होती, अम्मा. कहीं जादा, कहीं कम."

"जास्त-कमी मला बी कळतंय, डॉक्टरसाब. एका रानात ज्वारी जोमात येती, शेजारच्या रानात बेताची. पण बांध घातल्यागत एका अंगाला हाय आणि दुसऱ्या अंगाला कायच न्हाई, असं पीक तुमी बघितलंय का कुठं?"

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नहीं देखा," तो म्हणाला. मग आवाज उतरवून, "बहू का मायका उधर है ना? उधर ले जाव. चार दिन सुकून के मिलेंगे."

प्रेमाबाई हे ऐकून हसली. मोठ्या दुखण्यात माणसाला माहेर आठवतं. आषाढात आभाळ उघडल्यावर गाडी जुंपली, तीही आनंदानं चढून बसली. शेजारची सखूबाई निरोप द्यायला आली होती. ती म्हणाली, "बरं झालं गं, शिवगंगा बी भेटंल तुला. वाटंकडं डोळं लावून बसली असंल."

प्रेमाबाईचं हसू तिथंच थांबलं. ती गाडीतून उतरली, म्हणण्यापेक्षा पडली, आणि दारातला खांब दोन्ही हातांनी कवटाळून बसली.

"मला पलीकडं नेऊ नका, आत्याबाई. पाया पडती. त्याला तिकडंच जायचंय."

"त्याला? कुणाला गं?"

प्रेमाबाईनं मान खाली घालून स्वतःच्या छातीकडं बघितलं. आपल्या मांडीवर दुसऱ्याचं लेकरू येऊन बसावं आणि ते कुणाचं हे कळू नये, तसं.

त्या दिवसापासून तिनं एकच धरलं: लेकीचं नाव माझ्यापुढं घेऊ नका. रुद्रम्माला वाटलं, दुखण्याचा चिडकेपणा आहे. ईरण्णाला वाटलं, बायको लेकीवर रुसली. त्याचा सल त्याच्या मनात तसाच राहिला.

४

भाद्रपदात ती गेली. ओढ्याला पूर होता. पलीकडच्या काठावर लेक येऊन उभी राहिली, पण उतार मिळेना. इकडून तिच्या लुगड्याचा हिरवा रंग तेवढा दिसत होता.

परसात आडोसा करून रुद्रम्मानं सुनेला न्हाऊ घातलं. सखूबाई पाणी ओतत होती. भर दुपार, पाऊस थांबलेला, पागोळ्या गळत होत्या. बाईचं सगळं अंग गार पडलं होतं. पाय गार, पोट गार, गळा गार. रुद्रम्माचा हात छातीवरून फिरत डाव्या बाजूला आला आणि थांबला.

गाठ ऊन होती.

कोमट नव्हे, ऊन. पाटीखाली झाकलेल्या कोंबडीच्या पिलागत.

एवढ्यात सखूबाईनं परसाच्या भिंतीवरून ओढ्याकडं बघितलं आणि तिला हुंदका फुटला. "बाई गं बाई! शिवगंगा तशीच उभी हाय गं पलीकडं! आईचं तोंड बी मिळंना लेकराला!"

रुद्रम्माच्या बोटांखाली काहीतरी हललं. तिनं झटक्यानं हात काढून घेतला.

"काय झालं, काकू?"

"काय न्हाई. पाणी ओत."

आपल्याच बोटांतली शीर उडाली असंल, तिनं स्वतःला सांगितलं. म्हातारपणी उडते. आणि ऊन म्हणावं तर हात मघापासून ऊन पाण्यात होते, ते हाताचंच ऊन. एवढंच. तिनं दुसरा हात घंगाळात घातला.

पाणी कधीच निवलं होतं.

मग विभूती लावली, हिरवं लुगडं नेसवलं, भिंतीशी बसती केली. लोक आले, फुलं वाहिली. प्रेमाबाई जशी सोप्यात बसली होती तशीच मातीत जाऊन बसली. माती लोटताना लोक मंत्र म्हणत होते. रुद्रम्मा म्हणत नव्हती. ती त्या ढिगाकडं बघत होती आणि मनात म्हणत होती, सगळी गार झाल्यावर पुरायला हवी होती.

५

थंडी पडली तशी ती एका सकाळी हरभऱ्याची भाजी खुडायला रानात निघाली. वाट स्मशानावरून जाते. गवतावर दव इतकं की पायाची बोटं बधिर झाली.

स्मशानात गावची कुत्री झोपली होती. त्यात नवल काही नाही, कुत्री कुठंही झोपतात. पण ती पसरून झोपली नव्हती. एका-एका मातीच्या उंचवट्यावर एक-एक कुत्रं अंगाचं वेटोळं करून पडलं होतं, चुलीच्या राखेत पडावं तसं. आणि सगळ्या उंचवट्यांवर नव्हती. रुद्रम्मानं एकेक ढीग ओळखला. ही वीरप्पाची आई. ही कुंभाराच्या शेजारची. ही पिठाच्या गिरणीवाल्याची सून. सगळ्या तिच्याच हातून न्हालेल्या, सगळ्यांत तिच्या बोटांना ती सापडलेली. शेजारी पटकीनं गेलेला सोमलिंग होता, म्हातारपणानं गेलेला बिराप्पा होता. त्यांच्या मातीवर दव होतं. कुत्रं नव्हतं.

प्रेमाबाईच्या मातीवर एक कुत्री चार पिलांना पाजत होती.

"हाड," रुद्रम्मा म्हणाली. आवाज निघाला नाही. कुत्री तिच्याकडं बघून शेपूट हलवू लागली.

तिनं वाकून पिलाच्या बाजूला माती चाचपली. कोरडी होती. आणि नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखी होती.

कुत्र्यांच्या अंगाची ऊब, तिनं ठरवलं. दुसरं काय? मग ती ढिगाला वळसा घालून पलीकडं गेली आणि तिथं उभी राहिली. माती एका बाजूनं खचली होती. पावसानं खचते तशी सगळीकडून नव्हे; एकाच बाजूनं, आतून पुढं रेलल्यासारखी. वीरप्पाच्या आईचीही तशीच. गिरणीवाल्याच्या सुनेचीही. तिनं प्रत्येकीजवळ जाऊन ती बाजू बघितली आणि मग मान वर केली.

समोर ओढा होता. ओढ्यापलीकडं दुसरी निंबळी, धुराची बारीक रेघ, आणि पाणी भरायला निघालेल्या बायका.

६

स्वतःची गाठ तिला दसऱ्याच्या आधीच सापडली होती, अंघोळ करताना. ती घाबरली नाही. "आलीस का?" म्हणाली, "बस. तुझ्यापरीस मोठ्या सासवा म्या सोसल्यात." कुणाला सांगितलं नाही. सत्तरी उलटलेल्या बाईनं मरणाचा गवगवा काय करायचा?

मग एका संध्याकाळी ईरण्णा जेवता जेवता म्हणाला, "अव्वा, निरोप आलाय. शिवगंगाला दिवस गेलेत." कितीतरी दिवसांनी तो हसला होता. आणि तव्यावरची भाकरी जळाली. रुद्रम्मानं उभ्या जन्मात भाकरी जाळली नव्हती.

पदराखाली काहीतरी वळवळलं होतं. वात असंल, ती म्हणाली. ओवा खाल्ला. विटेचा शेक घेतला. आतडी बोलतात या वयात, कुणाला नवल वाटावं असं काही नाही. पण तिची अक्कल गप्प बसणारी नव्हती. पाणी, मीठ, तेल सगळं पारखून बघणारी बाई, ती हेही पारखून बघू लागली. घरात कुणी नसलं की दार लावून पदराखाली हात ठेवायची आणि एकेक नाव मोठ्यानं घ्यायची. सखूबाई. महालिंगप्पा. दोन्ही बैलांची नावं. ईरण्णाचं नाव, तिच्या पोटच्या पोराचं. काही नाही. मग लाज बाजूला ठेवून नवऱ्याचं नाव घेतलं, जे लग्नातल्या उखाण्यानंतर कधी ओठांवर आणलं नव्हतं: कल्याणप्पा. तरी काही नाही. दगडासारखं निपचित.

मग एकच नाव उरलं. ते तिनं एकदाच घेतलं, अगदी हळू, आणि पुन्हा कधी घेतलं नाही.

७

"बरं," ईरण्णा म्हणाला. तो गाडीच्या चाकाला टेकून खाली बसला होता. रागानं थकला होता. सावल्या पायाशी आल्या होत्या. "बरं, अव्वा. तुझ्या मनासारखं. न्हाई आणत तिला इकडं."

रुद्रम्मानं डोळे मिटले.

"गावात गाठीचं दुखणं हाय, मला बी दिसतंय. म्या काय आंधळा न्हाई. प्रेमा गेली." त्यानं गाडीतल्या धाबळीकडं बघितलं. "म्या व्याह्याच्या पाया पडतो. माझी अब्रू गेली तर गेली, बाळंतपण तिकडंच करू. पण तू चल. तिला आई न्हाई. तिच्या उशाशी आपल्या घरची एक तरी बाई पाहिजे का न्हाई? चढ गाडीत. आत्ताच्या आत्ता सोडतो तुला पलीकडं."

गावातल्या कुठल्या पुरुषानं आपल्या आईसाठी एवढं नमतं घेतलं असतं? रुद्रम्माला त्याचा अभिमान वाटला, आणि त्या अभिमानानंच तिचा जीव तुटला.

"म्या न्हाई जाणार," ती म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"म्या पलीकडं पाऊल टाकणार न्हाई. आणि तू बी मला नेणार न्हाईस. म्या मेले तर मला बी इकडंच, अगदी आतल्या अंगाला, टेकडीकडं पुरा. ओढ्याकडं न्हाई."

"इकडं आणू नको म्हणतीस! तिकडं जात न्हाईस म्हणतीस!" तो ताडकन उठला. बैल बिचकले. "दोघी सारख्याच! प्रेमा बी अशीच खांब धरून बसली, लेकीचं तोंड न बघता मेली! काय वाकडं केलंय त्या लेकरानं तुमचं? सरळ सांग की, नात नको मला, तिचं प्वार नको मला!"

"ईरण्णा, हळू बोल."

"न्हाई हळू बोलणार! पलीकडं ऐकू जाऊ दे! शिवगंगा! शिवगंगा!"

रुद्रम्मा बसल्या जागी कमरेत वाकली. तोंडातून आवाज आला नाही, पण डोळे असे झाले की ईरण्णाचा राग जागच्या जागी गळाला. तो तिच्यापुढं गुडघ्यांवर बसला.

"अव्वा? अव्वा, काय व्हतंय?"

तिनं त्याचं मनगट धरलं. म्हातारीच्या बोटांत एवढा जोर असेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याचा वंगणानं काळा झालेला पंजा तिनं आपल्या पदराखाली ओढला आणि डाव्या बरगडीवर दाबून धरला. त्याच्या हाताला ती लागली. त्याचं तोंड उतरलं.

"तुला बी?" तो कुजबुजला. "कवापासनं? अगं, सांगायचं न्हाईस का? आपण त्या डॉक्टरकडं..."

"गप. हात काढू नको. आता नाव घे तिचं."

"काय?"

"एकदाच घे. जोरात नको."

भर दुपार होती. परसात कोंबडी माती उकरत होती, सखूबाईच्या घरी जात्याची घरघर चालली होती. ईरण्णानं आईच्या तोंडाकडं बघितलं, खुळी झाली म्हणावं तर तोंड शहाण्याचं होतं. त्यानं ओठ ओले केले.

"शिवगंगा," तो म्हणाला.

त्यानं हात मागं ओढला. रुद्रम्मानं सोडला नाही. त्यानं पुन्हा ओढला, लहानपणी विंचू चावला होता तेव्हा ओढला होता तसा, आणि त्याच्या घशातून जो आवाज निघाला तो ऐकून दोन्ही बैल दावं ताणून मागं सरले. गाडी कुरकुरली. धाबळी घसरून मातीत पडली. जात्याची घरघर थांबली, आणि भिंतीपलीकडून सखूबाई विचारू लागली, काय झालं, काय झालं.

तिच्याकडं दोघांचंही लक्ष नव्हतं. ईरण्णा आपल्या हाताकडं बघत होता. मग त्यानं गाडीकडं बघितलं, गाडीच्या तोंडासमोरून ओढ्याकडं उतरलेल्या चाकोरीकडं बघितलं, आणि काही विचारायला तोंड उघडलं. रुद्रम्मानं त्याला विचारू दिलं नाही.

"नाव कळलंय त्याला, ईरण्णा," ती म्हणाली, "वाट तेवढी तू दावू नको."